डॉक्टर, मोत्या परत येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं

आमच्या भागातल्या त्या पेट क्लिनिकच्या डॉक्टरांना आणि मालकांना,

नमस्कार.

नाव घेत नाही. क्लिनिकचंही नाही आणि तुमचंही नाही, वाचलंत की कळेलच कोणासाठी लिहिलंय. आमचा कुत्रा मोत्या गेल्यावर त्याच्या पेशींपासून तसाच दुसरा, म्हणजे क्लोन, होईल असं सांगून तुम्ही बाबांकडून पैसे घेतलेत, त्याबद्दल तीन ईमेल केल्या, दोनदा येऊन काउंटरवर उभी राहिले, "मॅनेजमेंटला फॉरवर्ड केलंय मॅडम" याच्यापुढे गाडी काही गेली नाही. गप्प बसणार होते खरं तर. पण परवा तुमच्या काचेवर नवीन बोर्ड बघितला, दिवाळी ऑफर, आपल्या लाडक्याच्या पेशी साठवा, पहिल्या वर्षाच्या फीवर १५ टक्के सूट, आणि खाली एकाच कुत्र्याचे दोन फोटो शेजारी शेजारी, आरशात बघितल्यासारखे. त्या फोटोंमुळे हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचे बाबा ७२ वर्षांचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपो. म्युनिसिपालटीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेले. २०११ च्या पावसाळ्यात, रिटायर व्हायला एकच महिना उरला होता, तेव्हा डेपोच्या गेटपाशी भिजलेलं पिल्लू सापडलं ते डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी आणि नवव्या दिवशी तिनेच त्याचं नाव मोत्या ठेवलं. पांढरा, शेपटीला तपकिरी, आणि डाव्या डोळ्यावर एक डाग, कुणीतरी चहा सांडल्यासारखा. २०१९ ला आई गेली, मी नोकरीवर, मग दिवसभर घरात बाबा आणि मोत्या. रोज संध्याकाळी भोईवाड्यापर्यंत चक्कर, येताना अर्धा पाव त्याला अर्धा बाबांना. या जूनमध्ये मोत्याच्या किडन्या गेल्या. चौदा वर्षांचा होता, वय झालं होतं, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तुमच्या डॉक्टरांनी शेवटचे आठ दिवस सलाईन वगैरे नीट लावलं, पहाटे फोन उचलला, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

तक्रार त्यानंतरच्या तीन तासांची आहे.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मोत्या गेला. मी ड्युटीवर होते, फोन सायलेंटवर. दोन वाजेपर्यंत बाबांनी फॉर्मवर सही केली होती आणि ६५ हजार भरले होते, वर दर वर्षी १२ हजार, ते बँकेतून आपोआप कापले जाणार. एफडी मोडली त्यासाठी. मला रात्री कळलं. बाबा शांत होते, रडत नव्हते, मला जरा बरंच वाटलं आधी. म्हणाले, "मोत्याचं सॅम्पल ठेवलंय, क्लोन करतात आता, वेळ लागेल पण येईल." मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अठरा वर्षं झाली, माणसांच्या पेशींच्या स्लाइड बनवण्यात आयुष्य चाललंय, आणि माझ्याच बापाला माझ्याच विषयात कोणीतरी गंडवून गेलं आणि मी नव्हते तिथे. हा राग थोडा माझ्यावरचाही आहे, ते मला माहितीये.

आता मुद्द्यावर येते.

पहिलं म्हणजे ती घाई. तुमच्या काउंटरवरच्या मुलाने बाबांना सांगितलं की अंकल लवकर ठरवा, बॉडी ताजी आहे तोपर्यंतच होईल, नंतर काही उपयोग नाही. हे खोटं नाही. कातडीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि मग उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवायच्या, तर त्या आधी जिवंत असाव्या लागतात आणि मेल्यावर काही दिवसच जिवंत मिळतात. पण काही दिवस, डॉक्टर. तीन तास नाही. बॉडी नीट थंड ठेवली असती तर बाबांनी एक रात्र विचार केला असता, मला फोन लागला असता. आणि खरं तर हा तुकडा कुत्रा जिवंत असताना, तेवढ्या जागेला भूल देऊन, जास्त चांगला मिळतो. तेव्हा विचारायचं होतंत, आठ दिवस तो तुमच्याकडेच तर होता. माणूस शुद्धीत असताना विचारलं नाहीत आणि मेलेला कुत्रा टेबलावर असताना विचारलंत. आमची आई असती तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणाली असती. मी म्हणत नाही, भांडायचं नाही असं ठरवून बसलेय.

दुसरं, फॉर्म. सात पानं, सगळं इंग्लिशमध्ये, चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनी फक्त साठवणुकीची जबाबदारी घेते, क्लोनिंगची हमी नाही, त्याचा खर्च वेगळा. माझ्या ईमेलना तुमचं एकच उत्तर आलं त्यात हेच वाक्य कॉपी पेस्ट केलं होतं. बाबांना ते वाचता आलं नसतं आणि हे तुम्हाला समोर दिसत होतं, कारण सही मराठीत आहे. आणि वेगळा खर्च म्हणजे किती, तर अमेरिकेतल्या टेक्सासमधली कंपनी कुत्र्याच्या क्लोनिंगचे ५० हजार डॉलर लावत आलीये, आपल्या पैशात चाळीस लाखांच्या वर. म्हणजे बेस्टच्या कंडक्टरने आणखी एक जन्म घेऊन घंटी मारली तरी जमणार नाही. वर कुत्रं परदेशातून आणायचं म्हणजे अ‍ॅनिमल क्वारंटाइनची एनओसी. हे सगळं माहीत असताना तुम्ही त्यांच्याकडून वर्षाचे १२ हजार कशाचे घेणार होतात? आशेला भाडं लावलंय नुसतं.

तिसरं जरा सविस्तर लिहिते कारण इथेच खरी फसवणूक आहे आणि बोर्डावरच्या त्या दोन फोटोंचा संबंधही इथेच येतो.

बाबांनी विचारलं होतं, "डोळ्यावरचा डाग तसाच येईल ना?" तुमचा मुलगा म्हणाला, "हो अंकल, सेम टू सेम." बाबांना हे वाक्य पाठ आहे, मला दहा वेळा ऐकवलंय.

नाही येणार. क्लोनिंग म्हणजे काय करतात, तर दुसऱ्या मादीचं बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला पेशीचा गाभा, काढून टाकायचं, त्याच्या जागी आपल्या प्राण्याच्या पेशीतलं केंद्रक घालायचं, विजेचा झटका देऊन ते एकजीव करायचं आणि भ्रूण वाढायला लागला की तिसऱ्याच मादीच्या गर्भाशयात सोडायचा. बीजांडाचं स्वतःचं थोडंसं डीएनए, मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या कणांमधलं, ते त्या अनोळखी मादीचंच राहतं. म्हणजे क्लोन हा जुळ्या भावाइतकासुद्धा सेम नसतो. आणि पांढऱ्या कुत्र्याच्या अंगावरचे डाग कुठे पडणार ते पूर्णपणे जीन्समध्ये लिहिलेलं नसतं, भ्रूण वाढताना रंगाच्या पेशी पाठीकडून खाली पसरत जातात, कुठपर्यंत पोचतात त्यात नशिबाचा भाग असतो. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, सीसी नावाचं. जिच्यापासून केलं ती रेनबो तीन रंगांची होती, पांढरी काळी नारिंगी, आणि सीसीच्या अंगावर नारिंगीचा ठिपका नाही! कारण मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावरून येतो, आणि तीनरंगी मांजरीत प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद करून बसलेली असते, आणि ज्या पेशीपासून सीसी झाली तिच्यात नारिंगीवालं बंद होतं. चोवीस वर्षं जुनी गोष्ट आहे ही, पशुवैद्यकाला माहीत नसेल असं मी मानत नाही.

रंग सोडा. मोत्या दिवाळीत पलंगाखाली का जायचा, तर २०१३ ला चाळीतल्या पोरांनी त्याच्या शेजारी सुतळी बॉम्ब लावला होता म्हणून. पावसाची सर आली की दारात जाऊन बसायचा, कारण बाबा आईला आणायला छत्री घेऊन निघायचे तेव्हा त्याला सोबत न्यायचे. त्याला आईचा हाक मारायचा सूर कळायचा. यातलं काय कातडीच्या तुकड्यात आहे? आमच्या मजल्यावर जुळे भाऊ आहेत, एकाच पोटातून आलेले, एक सीए झाला आणि दुसरा अजून ढोलपथकात टिपरू फिरवतोय, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. क्लोन म्हणजे फार तर उशिरा जन्मलेला जुळा भाऊ, एवढंच. तो बाबांना ओळखणार नाही. हे एक वाक्य, मराठीत, सही घ्यायच्या आधी, कोणी बोललं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

चौथं, बाकीच्या कुत्र्यांचं काय? पॅकेजच्या ब्रोशरवर सगळीकडे "प्रेम" लिहिलंय. पहिला क्लोन कुत्रा कोरियात सोलमध्ये २००५ ला झाला, स्नपी. त्याच्यासाठी १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या पोटात सोडले होते. गरोदर राहिल्या तीन. जन्मली दोन पिल्लं, त्यातलं एक २२ दिवसांत न्यूमोनियाने गेलं. आता आकडे एवढे वाईट नाहीत, तंत्र सुधारलंय, मान्य. पण कुत्रीचं बीजांड बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, ते बीजांडवाहिनीत जाऊन पिकतं, म्हणून ते मिळवायला पोट उघडून वाहिनी धुवून काढावी लागते. प्रत्येक वेळी ऑपरेशन. कुत्री माजावर वर्षातून दोनेकदाच येते, म्हणजे एका मोत्यासाठी किती मोत्यांच्या आया पिंजऱ्यात ठेवायच्या याचा हिशोब करा. बाबांनी आयुष्यात कुठल्या कुत्र्याला दगड मारलेला नाही. डेपोतल्या चार कुत्र्यांना पगाराच्या दिवशी बिस्किटं घालायचे. त्यांना जर सांगितलं असतं की मोत्याच्या नावाने आणखी दहा जणींची पोटं फाडणार आहेत तर ते तिथून उठून गेले असते. तुम्ही विचारलंच नाहीत, कारण सांगितलं असतं तर उठून गेले असते.

हे वाचून कोणी म्हणेल बाईला सायन्सची अ‍ॅलर्जी आहे, तर तसं नाही. मी परळची आहे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या टीमने केलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती आणि आज प्रत्येक स्टेशनबाहेर आयव्हीएफचा बोर्ड आहे. कर्नालला एनडीआरआय या सरकारी डेअरी संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचं क्लोन केलेलं पारडू झालं, समरूपा, ते काही दिवसांतच गेलं, मग जूनमध्ये गरिमा झाली, आणि २०२३ ला गीर गायीचं वासरू गंगा. हे मला पटतं. कारण तिथे सरळ सांगितलंय की दुधाळ जनावराची वंशावळ टिकवायचीये, कोणी म्हशीच्या मालकाला रडवून तुझी म्हैस परत येईल असं विकत नाहीये. पहिल्या क्लोन मेंढीचं, डॉलीचं पण तसंच, स्कॉटलंडच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ ला जन्मली, २७७ प्रयत्नांतून एक, आणि त्यांनी तो २७७ चा आकडा लपवला नाही, पहिल्या पेपरमध्येच छापला. डॉली सहा वर्षांची असताना फुप्फुसाच्या आजाराने गेली, पण ती ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून केलेल्या दुसऱ्या मेंढ्या पुढे ठणठणीत म्हाताऱ्या झाल्या, म्हणजे क्लोन म्हणजे आजारीच असंही मी म्हणणार नाही. मला राग तंत्राचा नाही, दुकानाचा आहे.

आता शेवटची तक्रार. ही लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

पहिल्यांदा मी तुमच्याकडे आले त्याच्या आदल्या आठवड्यात बाबा एकटे येऊन गेले होते. रिकाम्या हाताने नाही. आईची फणी घेऊन आले होते, रुमालात गुंडाळून, तिचे केस आहेत अजून तिच्यात. काउंटरवर विचारलं, "माणसाचं ठेवता का?" तुमचा मुलगा हसला म्हणे, वाईट नाही हसला, पण म्हणाला, "अजून नाही अंकल, पण सायन्स कुठे जाईल सांगता येत नाही, जपून ठेवा."

जपून ठेवा! बाबांनी ती फणी फ्रिजमध्ये ठेवलीये. आमच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, प्लास्टिकच्या डब्यात.

मुलाला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाहीये, त्याला वीस-बावीस वर्षं असतील, त्याला शिकवलं तेवढंच तो बोलला. पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही डॉक्टर आहात. गळलेल्या केसात जिवंत पेशी नसते. क्लोनिंगला जिवंत पेशीचं अख्खं केंद्रक लागतं, ते सहा वर्षांच्या फणीत नाही. हे झालं एक. दुसरं म्हणजे माणसाचं क्लोन बाळ करणं आपल्याकडे बंद आहे, आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांत २००५ ला मानवी क्लोनिंगवर ठराव आला होता, ८४ विरुद्ध ३४ ने पास झाला, ३७ तटस्थ, भारताने विरोधात मत दिलं होतं. का, तर ठराव सरसकट सगळ्याच मानवी क्लोनिंगवर होता आणि उपचारासाठी पेशी बनवायचं दार आपल्याला बंद करायचं नव्हतं, बाळ बनवण्याच्या विरोधात आपणही होतोच. आणि धोका काय आहे ते माकडांवरून बघा. चीनमध्ये शांघायच्या लोकांनी २०१८ ला दोन क्लोन माकडं जाहीर केली, झोंग झोंग आणि हुआ हुआ, पेपरात किती गोड फोटो आले होते. ती गर्भातल्या पेशींपासून केलेली. वाढलेल्या माकडाच्या पेशींपासूनही करून बघितलं होतं, ४२ माद्यांच्या पोटात भ्रूण सोडले, त्यातून दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली. त्या ४२ च्या जागी बायका ठेवून बघा. कुठल्या बायका पुढे येतील, कोणाला पैशाची गरज असेल, हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ज्या कोरियन शास्त्रज्ञाने स्नपी केला त्याच ह्वांग वू-सुकने मानवी भ्रूण क्लोन केल्याचा दावा केला होता, तो खोटा निघाला, २००६ ला पेपर मागे घेतले गेले, आणि चौकशीत कळलं की बीजांडं विकत घेतली होती आणि त्याच्याच लॅबमधल्या ज्युनिअर मुलींचीही घेतली होती. ज्युनिअर मुलगी बॉसला नाही म्हणू शकते का हो? मीही लॅबमध्येच काम करते.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं, समजा उद्या झालंच, तरी हातात काय येणार? एक बाळ. ज्याला आईचा चेहरा असेल कदाचित, आणि ते मोठं होईपर्यंत बाबा नसतील. त्या पोरीला जन्मल्यापासून कुणीतरी दुसरीच व्हायला सांगेल. आईला हे अजिबात चाललं नसतं, तिला तर तिचं नाव नातीला ठेवलेलंही नको होतं.

तर मागण्या. शिव्या नाहीत, धमकी नाही, साध्या आहेत.

बाबांचे ६५ हजार परत करा आणि सॅम्पलचं काय करायचं ते त्यांना मराठीत समजावून, त्यांना विचारून ठरवा, परस्पर फेकू नका. फॉर्म मराठीत आणि हिंदीत करा, आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा की क्लोन हा तोच प्राणी नसतो, दिसायला वेगळा असू शकतो, स्वभाव आणि आठवणी येत नाहीत, आणि पूर्ण खर्च किती. ज्या लॅबशी तुमचं टायअप आहे ती एका पिल्लामागे किती माद्या वापरते, त्यांची किती ऑपरेशन्स होतात, नंतर त्या कुठे जातात, हे आकडे मागवा आणि लावा त्याच काचेवर. भारतात कोणी हे करत असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली प्रयोगांसाठी कमिटी आहे, तिची परवानगी दाखवा. प्राणी गेल्याच्या दिवशी सही घेणं बंद. पाहिजे तर कातडीचा तुकडा थंड ठेवा, दोन दिवसांनी फोन करा, घरच्या आणखी एका माणसासमोर विचारा. आणि ते दोन सारखे फोटो आजच्या आज उतरवा.

शहरातल्या बाकी पशुवैद्यकांनाही सांगणं आहे, तुमच्यापैकी किती जण चांगले आहेत ते मला माहितीये, मोत्याचा पाय मोडला तेव्हा बैलघोडा हॉस्पिटलमध्ये रांगेत उभं राहून मी बघितलंय. हे पॅकेज तुमच्याकडेही एजंट घेऊन येतील, कमिशन सांगतील. तुमच्या संघटनांनी आत्ताच काहीतरी ठरवा. पोटातल्या बाळाचं लिंग बघण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ ला देशात सगळ्यात आधी कायदा केला त्याचा आपण अभिमान सांगतो, पण तोपर्यंत मुंबईत ते दुकान किती वर्षं धडाक्यात चाललं होतं ते जुन्या डॉक्टरांना विचारा.

कोणीतरी म्हणेलच की एवढं काय, दुसरा कुत्रा आणून द्या बाबांना. बघू. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मोत्या येणार नाही हे त्यांना कोणीतरी सांगायला लागणार आहे आणि ते मी करीन, ते तुमचं काम नाही. पण मी सांगेन तेव्हा ते म्हणतील की डॉक्टर तर हो म्हणाले होते, तेव्हा मला तुमचं एक सही शिक्क्याचं पत्र हातात पाहिजे, मराठीत, की आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. लेटरहेडवर द्या. त्यांना शिक्का लागतो, आयुष्यभर तिकिटं फाडलीयेत.

आणि खात्यातून पुढचे १२ हजार कधी कापायचे त्याचा बँकेतला मॅन्डेट अजून चालू आहे, तो या आठवड्यात बंद करा. बाबांचा नंबर तुमच्याकडे आहे पण त्यांना फोन करू नका, मला करा.

मोत्याच्या घरची,
परळ, मुंबई